तुझ्या बाबांना सांग

"मिठू, तुझ्या बाबांना सांग, स्वयंपाकघरातला नळ परत गळायला लागलाय."

बाबा समोरच बसले होते. टेबलाच्या पलीकडे, हात लांब केला तर मीठ देता येईल इतक्या अंतरावर. कानांनी ते ठणठणीत होते. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून तिचं काय बिघडलंय हे सांगणारा माणूस! पण ते ताटाकडे बघत गप्प बसले. मिठूने घास गिळला आणि मान उजवीकडे वळवली.

"बाबा, नळ गळतोय."

"तुझ्या आईला सांग, वायसर आणून ठेवलाय. रविवारी बसवतो."

मान डावीकडे. "आई, वायसर आणलाय. रविवारी बसवतील."

"तुझ्या बाबांना सांग, कुठल्या रविवारी तेही ठरवलं तर बरं होईल."

हसलात ना, वाचकहो? हसा. तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच हे कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. काहींनी केलेलंही असतं, पण ते आपण कबूल करणार नाही. भांड्याला भांडं लागायचंच, दिवस-दोन दिवसांचा अबोला कुठल्या घरात नसतो? पण या घरात अबोला आला तो मुक्कामालाच. तीन वर्षं झाली तरी जायचं नाव नाही.

घर होतं ड्रायव्हिंग स्कूलच्या वर. खाली रस्त्यालगत एक खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते, एक टेबल, चार खुर्च्या, आणि दाराशी उभी असलेली छोटी पांढरी गाडी. तिला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच होते. शिकणारा घाबरून भलतंच काही करायला गेला तर शेजारी बसलेले मास्तर आपल्या पायाने गाडी थांबवायचे. अख्ख्या वस्तीत त्यांना मास्तर म्हणूनच ओळखत. त्यांच्या शांतपणाची तर ख्याती होती. चढावर दहा वेळा गाडी बंद पाडा, मास्तर अकराव्यांदाही म्हणणार, "काही हरकत नाही. परत."

शिकायला येणाऱ्या बायका वर्ग संपला की टेबलाशी येऊन मास्तरांच्या बायकोला म्हणायच्या, "किती शांत आहेत हो तुमचे मिस्टर! नशीबवान आहात."

बाई हसायच्या आणि हजेरीच्या कार्डावर शिक्का असा काही हाणायच्या की टेबल हादरायचं.

त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वीपर्यंत बाईही शिकवायच्या. बायकांची सकाळची तुकडी त्यांचीच. एकदा एका नवशिक्या मुलीने वळणावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. बाईंनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, पण गाडी तोवर उभ्या टेम्पोवर जाऊन आदळली होती. काच फुटली. बाईंच्या कपाळाला थोडं लागलं, मुलीला खरचटलंही नाही. मास्तर धावत आले आणि जमलेल्या गर्दीसमोर, विद्यार्थिनींसमोर ओरडले, "डोळे कुठे होते तुझे? तुला गाडी देण्यातच चूक झाली माझी!" आणि त्यांनी बाईंच्या हातातून किल्ली काढून घेतली. बाई त्या दिवसापासून टेबलाशी बसल्या. नवऱ्याशी बोलणं त्यांनी तिथेच थांबवलं. मास्तरांनाही वाटलं, आपण कशाला आधी तोंड उघडायचं? बसू दे गप्प.

म्हणतात ना, दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ. ही म्हण ज्याने केली त्याच्या घरी लेकरू नसावं. इथे तिसरी होती मिठू, आणि लाभ सोडाच, तिचा नुसता पिट्टा पडत होता. लहानपणी अखंड बडबडायची म्हणून घरात तिचं नाव मिठू पडलं होतं. आता शाळा संपली होती, जनावरांची डॉक्टर व्हायचं तिच्या मनात होतं, परगावच्या कॉलेजात तिला जागाही मिळाली होती. पण तिच्या तोंडून दिवसभर निघायची ती दुसऱ्यांचीच वाक्यं. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून खाली वर्गात, तिथून परत वर. पाय एका जागी ठरत नसत. पुस्तक घेऊन बसली तरी एक कान दाराकडे. हाक येईल, आता येईल, आली!

टेबलावर दोघं समोरासमोर असले की निरोप जसाच्या तसा द्यावा लागे. पण दोघं दोन खोल्यांत असले की मिठू मधल्या पॅसेजमध्ये निरोपाची डागडुजी करायची.

"त्यांना म्हणावं, माझ्या नावानं खडे फोडणं बंद करा!" असं आईने म्हटलं की बाहेर जाईपर्यंत त्याचं व्हायचं, "बाबा, आई विचारतेय, चहा टाकू का?"

"तिला सांग, मला कोणाच्या उपकाराचा चहा नको!" असं बाबांनी म्हटलं की आत जाईपर्यंत त्याचं व्हायचं, "आई, आत्ता नको म्हणाले, नंतर घेतील."

चांगलं जमत होतं. इतकं चांगलं की एक दिवस तिने फारच मोठी उडी मारली. आई माळ्यावरची बॅग खाली काढताना दिसली. काही बोलत नव्हती, नुसती बॅगेवरची धूळ पुसत होती. आई घर सोडून चालली की काय, असं मिठूला वाटलं. काही विचार न करता ती बोलून गेली, "आई, बाबा म्हणाले, त्यांचं चुकलं. त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. तुला सांगायची त्यांना लाज वाटते." आईचा हात थांबला. बॅग परत माळ्यावर गेली. मग एकीकडे झुकलेला तराजू सरळ करावा म्हणून मिठू खाली वर्गात गेली. "बाबा, आई म्हणाली, झालं गेलं विसरा. माझंही चुकलंच होतं."

त्यानंतर घर थोडं निवळलं. बाई मास्तरांचा चहा झाकून ठेवू लागल्या, मास्तर शीळ घालत गाडी पुसू लागले. पण बोलेनात! दोघांच्याही मनात एकच: माफी मागितली ना समोरच्याने, मग पुढचं पाऊलही त्यानेच टाकू दे. मिठू दोघांची तोंडं न्याहाळत हिंडायची आणि तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

हे बिंग फुटणार होतंच. फुटलं ते आत्या आली तेव्हा.

आत्या म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. मुलींच्या एका वसतिगृहात तिने उभी हयात रेक्टर म्हणून काढली होती. भल्याभल्या मुलींना ताळ्यावर आणलेलं, त्यामुळे भावालाही ती अजून वसतिगृहातलाच समजायची. पहिलं जेवण व्हायच्या आतच तिने विचारलं, "तुम्ही दोघं अजून या पोरीच्या तोंडूनच बोलताय?"

बाई म्हणाल्या, "जाऊ द्या हो ताई. निदान माफी तरी मागितली त्यांनी. पोरीकडे निरोप पाठवून का होईना."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "कोणी मागितली? मी? ताई, उलट हिनेच निरोप पाठवला होता, माझं चुकलं म्हणून!"

"मी? मी कशाला पाठवीन? माझी काय चूक होती?"

आणि दोघांच्या माना एकदम मिठूकडे वळल्या.

मिठूने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. मग श्वासही येईना. ती छाती धरून उठली, खुर्ची मागे पडली, हातांना मुंग्या आल्या, ओठ पांढरे पडले. "मला... मला हवा..." एवढंच ती म्हणाली. आत्याने तिला खिडकीशी नेलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. बाई रडायला लागल्या. मास्तर किल्ली शोधत घरभर धावले, आणि किल्ली त्यांच्या खिशातच होती!

दवाखान्यात छातीची तपासणी झाली, रक्त तपासलं. डॉक्टरांनी मिठूशी बराच वेळ एकटीशी बोलून मग तिघांना आत घेतलं.

"हृदय चांगलं आहे, फुप्फुसं चांगली आहेत. भीतीचा झटका होता तो. छातीत काही नाही." त्यांनी तिघांकडे बघितलं. "घरात काही आहे का?"

मास्तर आणि बाईंनी दोन दिशांना बघितलं. डॉक्टरांनी एका कुटुंब समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. "मुलीला एकटीला पाठवू नका. आईवडील आणि ती, तिघंही जा."

परतीच्या वाटेवर मास्तर गाडी चालवत होते. शेजारच्या, म्हणजे शिकवणाऱ्याच्या सीटवर आत्या बसली होती. मागे बाई आणि मिठू. मास्तरांचा पारा चढत चालला होता.

"समुपदेशक म्हणे! वेड्यांच्या डॉक्टरकडे जायला आम्ही काय वेडे आहोत?"

"वेडा नाहीस, आडमुठा आहेस," आत्या म्हणाली. "आणि त्या वेड्यांच्या डॉक्टर नाहीत. माणसांना एकमेकांशी बोलायला मदत करतात."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई! चार भिंतींच्या आतलं चव्हाट्यावर कशाला मांडायचं?"

"चार भिंतींच्या आत होतं कुठे रे ते? तुझ्या लेकीच्या छातीत साठलं होतं!"

मास्तर हॉर्न वाजवत राहिले. समोर कोणी नव्हतं. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "आपल्या आईबाबांनी केला संसार. ते गेले होते कुठे शिकायला?"

"ते कसे राहायचे, विसरलास? बाबा ओरडायचे आणि आई पंधरा-पंधरा दिवस बोलायची नाही. मग तू आणि मी निरोप घेऊन पळायचो. तेच तर शिकलास तू! शाळेत नाव न घालता शिकलास. लोक तुझ्याकडे का येतात सांग बरं? गाडी येत नाही म्हणून. लाजतात का? लाल 'एल'ची पाटी लावून अख्ख्या गावातून फिरतात! रस्त्यावर कोणी विचारतं का त्यांना, तुम्ही वेडे आहात का म्हणून? साधी गाडी चालवायला माणूस महिनाभर शिकतो, आणि दोन माणसांनी जन्मभर एकत्र राहायचं ते आपसूक आलंच पाहिजे? आणि नाही आलं तर लपवायचं? कुठला हा न्याय!"

हे शेवटचं म्हणताना आत्याने जोरात पाय आपटला. तो नेमका ब्रेकवर पडला.

गाडी भर रस्त्यात गचका देऊन थांबली. बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. मास्तरांनी किल्ली फिरवली, पण आत्याचा पाय अजून तिथेच. "ताई, पाय काढ!" "कुठून काढू?" "ब्रेकवरून!" "मला काय माहीत इकडेही ब्रेक असतो!" मागचा बसवाला खिडकीतून डोकं काढून ओरडला, "अहो, शिकायचं असेल तर मैदानात जा!"

मागच्या सीटवर बाईंना हसू फुटलं. हसता हसता त्या रडायला लागल्या. मास्तरांनी आरशात बघितलं. त्यांना बायको दिसली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटलेली मिठू. त्यांनी गाडी सुरू केली. पुढच्या सिग्नलला ते म्हणाले, "एकदा जाऊ. एकदाच. पोरीसाठी."

समुपदेशक बाईंची खोली एका औषधांच्या दुकानावर होती. खाली बसस्टॉप, त्यामुळे खिडकी उघडी असली की गाड्यांचा आवाज आत यायचा. खोलीत खाट नव्हती, औषधांचा वास नव्हता, मास्तरांनी मनात रंगवलं होतं तसं काहीच नव्हतं. अर्धगोलात मांडलेल्या खुर्च्या आणि एक झाड. आधी त्यांनी तिघांशी वेगवेगळं बोलून घेतलं. घरात कोणाची भीती वाटते का, कोणी हात उगारतं का, हे प्रत्येकाला एकटं असताना विचारलं. तसं असेल तर आधी सुरक्षिततेचं बघावं लागतं, एकत्र बसवून चालत नाही, असं त्या म्हणाल्या. तसं काही नव्हतं. मग तिघांना एकत्र बोलावलं.

मास्तर एका टोकाला बसले, बाई दुसऱ्या टोकाला. मिठू मधल्या खुर्चीवर जाऊन बसली.

"ही खुर्ची तू निवडलीस?" समुपदेशक बाईंनी विचारलं.

मिठू गोंधळली. "मी इथेच बसते."

"आज खिडकीशी बसून बघशील?"

मिठू उठून खिडकीशी गेली. मधली खुर्ची रिकामी राहिली. मास्तरांनी घसा साफ केला. "मॅडम, हिला सांगा, की..."

"मॅडम, त्यांना म्हणावं..." बाईंनीही त्याच वेळी सुरुवात केली.

समुपदेशक बाई हसल्या. "मी निरोप घेत नाही. आणि कोण बरोबर, कोण चूक हेही मी सांगणार नाही. ते समोर बसलेत, त्यांना सांगा."

झालं! दोघांची तोंडं कुलूपबंद. घड्याळाचा आवाज येत होता, खाली कंडक्टर ओरडत होता. मास्तरांचा पाय हलत होता, बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळून सोडत होत्या. खिडकीशी मिठूचा श्वास जलद व्हायला लागला. तिला राहवेना. ती उठली आणि परत मधल्या खुर्चीकडे निघाली.

"तू बस, मिठू. त्यांचं ते बघतील."

"नाही बघणार!" मिठू एकदम ओरडली. "तुम्हाला माहीत नाही. मी उठले नाही तर कोणीच बोलणार नाही. असेच बसतील. दिवसभर बसतील! म्हणून तर मी कॉलेजला नाही म्हणणार आहे. मी ठरवलंय."

"काय?" मास्तर खुर्चीतून अर्धे उठले.

"मी तिकडे गेले तर इथे कोण बोलणार? आई परत बॅग काढेल. आणि बाबांना कळणारसुद्धा नाही, कारण सांगायला मी नसेन. मला नाही व्हायचं डॉक्टर. मी इथेच काहीतरी करेन."

मास्तर पांढरेफटक पडले. ते वळले आणि त्यांनी सरळ बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं हे?"

"नाही हो! मला वाटलं, तिची तयारी चाललीय. अहो, तुम्हाला तरी काही बोलली होती का?"

"शपथेवर सांगतो, एक शब्द नाही!"

बघता बघता घडून गेलं! तीन वर्षं जो 'अहो' त्या घरात ऐकू आला नव्हता तो बाईंच्या तोंडून निसटला होता, आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मिठूच्या मात्र आलं. ती जिथे उभी होती तिथेच खाली बसली आणि ओंजळीत तोंड लपवून हमसून हमसून रडली. त्या रडण्यात तीन वर्षांचा थकवा होता. या वेळी तिच्याजवळ दोघंही एकदमच पोहोचले.

एका भेटीत सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर मी तुमची फसवणूक करीन. उलट पुढचे काही आठवडे जास्तच वाईट गेले. तीन वर्षांचं तुंबलेलं पाणी होतं, ते वाहायला लागल्यावर गढूळच येणार. "तू नेहमी", "तुम्ही कधीच" ही सुरुवात समुपदेशक बाईंनी बंद करायला लावली. त्याऐवजी, मला काय वाटलं, एवढंच सांगायचं. ऐकायला सोपं, पण मास्तरांना घाम फुटायचा. "मला वाटलं की तू नेहमीच..." अशी गाडी पुन्हा पहिल्याच वळणावर!

घरी रोज थोडा वेळ बोलायचं असंही ठरलं. समोरासमोर बसलं की दोघांना काही सुचेना. समुपदेशक बाईंनी विचारलं, "तुम्हाला बोलणं कुठे सोपं जायचं?" बाई म्हणाल्या, "गाडीत. रस्त्याकडे बघत बोलता येतं." म्हणून वर्ग संपला की दोघं दाराशी उभ्या गाडीत जाऊन बसायचे आणि समोरच्या बंद दुकानाकडे बघत बोलायचे. शेजारपाजारचे वाकून बघायचे. मास्तरांनी एकदा काच खाली करून सांगितलं, "बोलतोय, दुसरं काही नाही."

अपघाताचा विषय निघाला त्या भेटीत मास्तर तडकाफडकी उठून गेले. "हा सगळा पोरखेळ आहे!" म्हणत जिना उतरले. बसस्टॉपवर उभे राहिले. बस आली, गेली. मग ते परत वर आले, आणि बसायच्या आधीच बोलले.

"लोक सांगत आले, तुझ्या बायकोची गाडी टेम्पोखाली गेली. खाली गेली म्हणाले. मी धावत होतो ना, तेव्हा मला फक्त ते फुटलेल्या काचेचं जाळं दिसत होतं. तू आत आहेस की... मला वाटलं, संपलं." ते खुर्चीवर बसले. "मग तू दार उघडून बाहेर आलीस, कपाळाला रक्त, आणि मला इतका राग आला! कशाचा, ते कळलंच नाही. किल्ली काढून घेतली, कारण परत तुला त्या गाडीत बसलेलं बघायची माझी छाती नव्हती."

बाई त्यांच्याकडे वळल्या.

"तीन वर्षं मला वाटत होतं, तुम्हाला माझी लाज वाटते."

"लाज? तुझी?"

"मग ते तेव्हाच का नाही हो सांगितलंत? घाबरलो होतो, एवढंच म्हणायचं!"

"घाबरलो असं म्हणायला आमच्या घरात कुणी शिकवलंच नाही," मास्तर म्हणाले. "चुकलं माझं. गर्दीसमोर बोललो, ते चुकलं. हे मीच सांगतोय, पोरीने नाही."

बाईंनी लगेच माफ केलं नाही. "मला थोडे दिवस द्या," असं त्या म्हणाल्या, आणि समुपदेशक बाईंनी मान डोलावली. काही दिवसांनी सकाळची तुकडी परत बाईंकडे आली. पहिल्या दिवशी मास्तर रस्त्याच्या कडेला नखं खात उभे होते, पण गप्प उभे होते.

मिठूही काही भेटी एकटी गेली. श्वास अडकायला लागला की काय करायचं ते शिकली, आणि त्याहून अवघड गोष्टही शिकली, की आईबाबांचा संसार सांभाळणं हे तिचं काम नाही. ते तिच्यावर कोणी सोपवलं नव्हतं. तिने कॉलेजला होकार कळवला.

आणि ज्या मास्तरांना झाकली मूठ प्रिय होती त्यांना एक दिवस एका विद्यार्थ्याने दबक्या आवाजात विचारलं, "सर, तुम्ही म्हणे त्या... समुपदेशकांकडे जाता? काही प्रॉब्लेम आहे का?"

"होता," मास्तर म्हणाले. "आम्हाला बोलता येत नव्हतं. शिकायला जातो. यात लाजण्यासारखं काही असेल तर तूही उतर गाडीतून."

मिठू निघायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. संध्याकाळी ती आपल्या खोलीत बॅग भरत होती. मैत्रिणी खाली हाका मारत होत्या. आणि स्वयंपाकघरात आवाज चढले.

"अहो, मी कालच सांगितलं होतं, तिचं पांघरूण वेगळं बांधा. मला राग आलाय, सरळ सांगते!"

"अगं, पण मला ऐकूच आलं नाही, तू मिक्सर चालू करून बोललीस!"

"मग परत विचारायचं!"

"विचारणारच होतो, तेवढ्यात तू बाहेर गेलीस!"

मिठूचे हात थांबले. पाय आपोआप दाराकडे वळले. पॅसेजमध्ये ती आली, त्याच जागी जिथे उभी राहून तिने शेकडो निरोपांना ठिगळं लावली होती. आत दोघं तावातावाने भांडत होते. एकमेकांकडे बघून. मध्येच आई काहीतरी म्हणाली आणि बाबा हसले, मग परत भांडू लागले. कोणीही मिठूला हाक मारली नाही. कोणाला तिची गरजच नव्हती!

ती पायात चपला सरकवून दाराशी गेली. "मी जाऊन येते गं!"

"जा," दोन्ही आवाज एकदम आले, आणि भांडण पुढे सुरू झालं. मिठू दोन-दोन पायऱ्या ओलांडत खाली पळाली.

वाचकहो, भांडण थांबावं म्हणून समुपदेशकाकडे जायचं नसतं. भांडण ज्यांचं आहे त्यांनीच ते धडपणे करावं, आणि त्याखालची भीती, दुःख, माया एकमेकांना दिसावी म्हणून जायचं असतं. ताप आला की आपण डॉक्टर गाठतो. नातं तापाने फणफणलं की मात्र 'लोक काय म्हणतील' म्हणत अंगावर काढतो, आणि ते आपल्या अंगावर निघत नाही, लेकरांच्या निघतं. तुमच्या घरातही एखादं मूल दोन खोल्यांमध्ये येरझाऱ्या घालत असेल. ते काही बोलणार नाही, कारण तुमचीच वाक्यं पोहोचवण्यात ते गुंतलेलं आहे. आज त्याला म्हणा, बाळा, तू बस. आणि तुम्ही दोघं उठा.